पडद्यावरच्या कळफलकात ‘ळ’ कुठे आहे?

भिलाईतल्या मराठी घरात नवा टचस्क्रीन लॅपटॉप येतो तेव्हा त्यात हिंदी बहुधा आधीच घातलेली असते. गावाचा व्यवहार हिंदीत चालतो, त्यामुळे दुकानात कुणी वेगळी भाषा विचारत नाही. मग घरातलं कुणी पडद्यावरच्या कळफलकावर रोमन अक्षरांत पी, ए, एन, आय दाबतं आणि ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ उमटतं. ‘शाळा’ लिहायला जावं तर ‘शाला’ येतं, ‘डोळे’ लिहायला जावं तर ‘डोले’. एकदोनदा खोडून पाहिल्यावर माणूस ते तसंच राहू देतो, नाहीतर सरळ हिंदीत लिहून मोकळा होतो.

मला ही गोष्ट किरकोळ वाटत नाही. भिलाईच्या परिसरात मराठी काल-परवा आलेली नाही. छत्तीसगड 1854 पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत भिलाईचा दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात, म्हणजे जुन्या मध्य प्रदेशात होते आणि राजधानी नागपूरच होती. 1955 मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि नागपूर-हावडा लोहमार्गावरच्या या गावात देशभरातून माणसं आली तशी विदर्भातूनही आली. त्यांची नातवंडं आज हिंदी किंवा इंग्रजी शाळेत शिकतात. मराठी घरात बोलली जाते, पण ती लिहिण्याचे प्रसंग थोडे. जे थोडे येतात ते आता कागदावर येत नाहीत, काचेवर येतात. नागपूरच्या मावशीला निरोप पाठवायचा, मंगळागौरीची यादी करायची, आजोबांच्या आठवणी उतरवून घ्यायच्या. तिथे कळफलक आडवा आला की लिहिणं थांबतं. मराठी लिहिण्याची सवय सुटण्याची बरीच कारणं आपल्या हाताबाहेरची आहेत. हे मात्र दुरुस्त होण्यासारखं आहे.

दुरुस्त होण्यासारखं आहे, कारण पडद्यावरचा कळफलक हे यंत्र नसून चित्र आहे. त्यातल्या कळा लहानमोठ्या करता येतात, हलवता येतात, गरज नसेल तेव्हा लपवता येतात, दर अक्षरागणिक बदलताही येतात. तरीही आपल्या बहुतेक संगणकांवर जे चित्र दिसतं ते जुन्या लोखंडी यंत्राची नक्कल असतं. ती नक्कल कुठून आली हे समजलं, की काय सुधारायचं हेही समजतं.

इंग्रजी कळफलकाची आजची मांडणी अमेरिकेतल्या क्रिस्टोफर शोल्स यांच्या टंकयंत्रातून आली. टंकयंत्राचं त्यांचं पहिलं पेटंट 1868 चं, आणि रेमिंग्टन कंपनीनं यंत्र बाजारात आणलं 1874 मध्ये. देवनागरी त्या चौकटीत बसवणं जिकिरीचं होतं. कळा मोजक्या आणि अक्षरं, मात्रा, जोडाक्षरं पुष्कळ. म्हणून अक्षरं तोडली गेली. अर्ध्या ‘ग’ला काना जोडला की पूर्ण ‘ग’, अशी युक्ती करावी लागली. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर. ‘वर्ष’ लिहिताना रफार सगळ्यांत शेवटी. म्हणजे डोळ्यांना अक्षर जसं दिसतं त्या क्रमानं यंत्रावर बोटं चालायची. गोदरेजनं 1955 मध्ये भारतीय बनावटीचं टंकयंत्र आणलं, आणि पुढे कचेऱ्यांत, न्यायालयांच्या आवारांत, टायपिंगच्या वर्गांत हीच शिस्त पिढ्यान्‌पिढ्या हातात बसली. मध्य भारतातल्या कितीतरी कचेऱ्यांत संगणक आल्यावरही ती मांडणी तशीच राहिली.

संगणकाचा हिशेब वेगळा आहे. तो अक्षर उच्चाराच्या क्रमानं साठवतो: आधी ‘क’, मग वेलांटी, ‘वर्ष’मध्ये व, र, पाय मोडल्याची खूण, ष. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी जे काम झालं, ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. ही संस्था 1988 मध्ये स्थापन झाली. त्याआधीच, 1986 मध्ये, केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं इन्स्क्रिप्ट ही मांडणी ठरवली होती, आणि 1991 मध्ये ती इस्की या भारतीय मानकाचा भाग झाली. युनिकोडमधला देवनागरीचा विभागही इस्कीच्याच पायावर उभा आहे.

इन्स्क्रिप्ट मला फार विचारपूर्वक केलेली मांडणी वाटते. जवळजवळ सगळी स्वरचिन्हं डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. साध्या कळेवर ‘क’, शिफ्ट दाबली की त्याच कळेवर ‘ख’. ‘ग’वर ‘घ’, ‘त’वर ‘थ’, ‘प’वर ‘फ’. काना जिथे, तिथेच शिफ्टनं ‘आ’. वर्णमालेतलं नातं बोटांना कळतं. शिवाय कन्नड, बंगाली, गुजराती, तेलुगू या लिप्यांतही त्या-त्या उच्चाराची कळ त्याच जागी असते. एक शिकलात की बाकीच्यांची वाट मोकळी. दोन्ही हातांनी टंकणारा माणूस व्यंजन उजव्या हातानं, मात्रा डाव्या हातानं असा तालात लिहीत जातो.

हीच मांडणी जशीच्या तशी काचेवर ठेवली की तिचे गुण तिच्यावरच उलटतात.

‘शाळा’ हा शब्द घ्या. खऱ्या कळफलकावर चार अक्षरकळा लागतात: श, काना, ळ, काना. ‘श’ आणि ‘ळ’ दोन्ही शिफ्टवर आहेत, पण तिथे करंगळी शिफ्ट दाबून धरते आणि दुसरं बोट त्याच क्षणी कळ दाबतं, त्यामुळे वेळ जात नाही. काचेवर एका बोटानं लिहिताना शिफ्ट हा स्वतंत्र स्पर्श होतो: शिफ्ट, श, काना, शिफ्ट, ळ, काना. चाराचे सहा झाले. ‘फळा’ तीन कळांचा, तो पाच स्पर्शांचा होतो. ‘भिलाई’ पाचाची सातावर जाते. मराठीत ख, घ, थ, ध, फ, भ, ण, ळ, श यांच्यावाचून एक वाक्य पुरं होत नाही, आणि ही सगळी शिफ्टच्या आड आहेत.

दुसरा घोटाळा अंतराचा. मात्रा डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे ही विभागणी दोन हातांसाठी होती. एकच बोट असेल तर ते दर अक्षराला पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरतं. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्ये हाताच्या हालचालीचा एक नियम मांडला. लक्ष्य जितकं दूर आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. अंतर आणि रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमप्रमाणे तो वाढतो. स्पर्शपडद्यांचे आराखडे करणारे आजही याच नियमावर गणित करतात. एका बोटानं लिहिणाऱ्यासाठी, ज्या कळा एकापाठोपाठ लागतात त्या जवळ हव्यात, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. इन्स्क्रिप्टमध्ये नेमक्या त्याच दूर आहेत.

आकाराचंही तसंच. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांत स्पर्शाचं लक्ष्य किमान 48 डीपी, म्हणजे सुमारे 9 मिलिमीटर असावं असं म्हटलं आहे. फोनचा पडदा उभा धरला तर रुंदी जेमतेम 7 सेंटिमीटर. त्यात अकरा कळांची ओळ बसवली की एकेक कळ साडेसहा मिलिमीटरच्या आत जाते. मोठ्या टचस्क्रीन लॅपटॉपवर हा प्रश्न नाही, तिथे खऱ्या कळफलकासारखी 19 मिलिमीटरची कळही मावते. पण मग कळफलक अर्धा पडदा व्यापतो आणि आपण काय लिहितो आहोत तेच दिसत नाही. शिवाय काचेला खाच नसते. खऱ्या कळफलकावर दोन कळांना बारीक उंचवटे असतात, त्यांवरून बोटांना न बघता आपली जागा सापडते. काचेवर नजर सतत खाली ठेवावी लागते, आणि वर काय उमटलं ते पाहायला पुन्हा वर न्यावी लागते. उभ्या पडद्यावर हात अधांतरी धरून लिहिलं तर खांदा लवकर भरून येतो. साठीपुढच्या माणसाला हे पहिल्याच परिच्छेदात जाणवतं.

मग काचेसाठी मराठी कळफलक कसा असावा? याचं मला सर्वांत समाधानकारक वाटलेलं उत्तर मुंबईच्या आयआयटीतून आलं. तिथल्या औद्योगिक संकल्पन केंद्रातले प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांचे सहकारी या प्रश्नावर बरीच वर्षं काम करत होते. वर्णमालेच्या क्रमानं कळा मांडलेला ‘कीलेख’ हा कळफलक त्यांनी 2004 मध्ये मांडला. तो खऱ्या कळांचा होता. पुढे 2013 मध्ये त्यांनी अँड्रॉइड फोनसाठी ‘स्वरचक्र’ आणलं.

स्वरचक्रात पडद्यावर व्यंजनं वर्णमालेच्या वर्गांप्रमाणे मांडलेली दिसतात: क ख ग घ, च छ ज झ, अशी. पहिलीच्या पुस्तकात पाहिलेला क्रमच तो; नवं पाठ करायचं काही नाही. ‘भ’वर बोट टेकवलं की बोटाभोवती एक चक्र उमलतं आणि त्यात ‘भ’ची बाराखडी असते: भा, भि, भी, भु, भू, भे, भो. बोट न उचलता ‘भि’कडे सरकवायचं आणि सोडायचं. मग ‘ल’वर टेकवून ‘ला’कडे सरकवायचं. मग ‘ई’. सात स्पर्शांचं ‘भिलाई’ तीन हालचालींत आलं. मात्रांच्या कळा वेगळ्या ठेवायची गरजच उरत नाही, म्हणून व्यंजनांच्या कळा मोठ्या करायला जागा मिळते. मात्रा दर वेळी बोटापासून सेंटिमीटरभरावर असते. फिट्सच्या नियमातलं अंतर जवळजवळ नाहीसं होतं. आणि चक्रातली प्रत्येक दिशा ठरलेली असल्यामुळे थोड्या सरावानंतर चक्र पाहावंही लागत नाही, काना कुठे आणि उकार कुठे हे बोटालाच ठाऊक होतं. जोडाक्षर हवं असेल तर चक्रातूनच अक्षराचा पाय मोडायचा. पुढच्या व्यंजनाशी जोडून अक्षर कसं होईल ते कळांवर आधीच दिसतं. ‘त’चा पाय मोडून त्यापुढे ‘र’ लावला की ‘त्र’ होतो, हे ज्यांना माहीत नाही त्यांनाही तो समोर दिसतो.

यात मोठी गोष्ट अशी, की इंग्रजी येत असण्याची अट नाही. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची पद्धत शहरांत लोकप्रिय आहे, कारण इंग्रजी कळफलक तोंडपाठ असतो. पण ती संदिग्ध असते. के, ए, एल दाबलं तर ‘काल’, ‘काळ’, ‘कळ’ आणि ‘कल’ यांतलं कुठलं हवं आहे हे यंत्रानं ओळखायचं, आणि चुकलं तर आपण यादीतून निवडायचं. यंत्राला भाषा हिंदी सांगितलेली असेल तर ‘ळ’चे शब्द त्या यादीत बहुतेक येतच नाहीत. ज्या आजीचं शिक्षण मराठी किंवा हिंदी शाळेत झालं, तिला स्वतःच्या भाषेतला शब्द परक्या अक्षरांत फोडून सांगायला लावणं मला पटत नाही. तिला बाराखडी येते. यंत्रानं बाराखडीतून यावं.

गूगलच्या जीबोर्डनंही देवनागरीसाठी असाच विचार थोड्या वेगळ्या रीतीनं केला आहे. व्यंजन दाबलं की वरच्या ओळीतल्या स्वरांच्या जागी त्या व्यंजनाची मात्रांसह रूपं दिसू लागतात. पण ही सगळी प्रगती प्रामुख्यानं फोनवर झाली. टचस्क्रीन संगणकावर मराठी निवडली, तर आजही समोर साधारण इन्स्क्रिप्टचं चित्र येतं. मोठ्या पडद्यावर चक्रासाठी जागा कितीतरी जास्त आहे. तिथे ही कल्पना का पोचू नये, याचं तांत्रिक कारण मला दिसत नाही.

आता न दिसणाऱ्या सुधारणांकडे येतो, कारण चांगल्या कळफलकाचं निम्मं काम पडद्यामागे चालतं. बोटाचा स्पर्श हा बिंदू नसतो, एक डाग असतो. त्या डागाचा मध्य आपल्या मनातल्या जागेपासून थोडा सरकलेला असतो. म्हणून चांगला कळफलक स्पर्शाला ‘ही कळ दाबली’ असं मानत नाही. या जागी स्पर्श झाला, तर ‘क’ची शक्यता किती, शेजारच्या ‘त’ची किती, असा हिशेब करतो आणि त्याला भाषेची शक्यता जोडतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2002 मध्ये पडद्यावरच्या कळफलकासाठी हा मार्ग दाखवला. 2007 च्या पहिल्या आयफोनचा कळफलक करणाऱ्या केन कोसिएंडा यांनी पुढच्या अक्षराच्या अंदाजाप्रमाणे कळांची स्पर्शक्षेत्रं बदलती ठेवली होती. डोळ्यांना कळ तेवढीच दिसते, पण जे अक्षर येण्याचा संभव जास्त, त्याच्या कळेची अदृश्य हद्द वाढते. बोट जरा बाजूला पडलं तरी हवं तेच उमटतं.

देवनागरीत तर शब्दकोश नसतानाही असा अंदाज करता येतो, आणि याचा पुरेसा उपयोग कुणी केलेला मला दिसत नाही. एका व्यंजनाला दोन स्वरचिन्हं लागत नाहीत. काना दिल्यावर लगेच वेलांटी येणार नाही. पाय मोडल्यावर मात्रा येणार नाही, व्यंजनच येणार. शब्दाच्या आरंभी सुटी मात्रा येणार नाही. म्हणजे जवळजवळ प्रत्येक पायरीवर कळफलकातल्या कितीतरी कळा निरुपयोगी असतात. त्यांची हद्द त्या क्षणी शून्य करून शेजारच्या कळांना देता येईल, किंवा त्या फिक्या करून लिहिणाऱ्याला वाट दाखवता येईल. इंग्रजीत असा काटेकोर नियम नाही. आपल्या लिपीची शिस्त इथे आपल्या मदतीला येते.

शब्द सुचवण्याच्या बाबतीत मात्र मराठी अवघड आहे, आणि तिथे इंग्रजीचा कित्ता गिरवून चालत नाही. इंग्रजीत एका नामाची रूपं मोजकी. मराठीत ‘घर’ म्हटलं की घरात, घराला, घराचा, घरातून, घरापर्यंत, घरासमोरच्या, घरातल्यांनीसुद्धा अशी रांग लागते. त्यात शब्दाचं सामान्यरूप होतं: पाणी, पण पाण्यात, रस्ता, पण रस्त्यावर, भाऊ, पण भावाला. प्रत्येक रूप सुटा शब्द म्हणून यादीत भरायला गेलं तर यादी आवरत नाही, आणि न भरलं तर कळफलक बरोबर शब्दाखाली लाल रेघ ओढतो. ज्याला आधीच आपल्या मराठीची खात्री नाही, असा भिलाईतला मुलगा ती लाल रेघ पाहून बरोबर शब्द बदलतो. हे नुकसान मला सर्वांत जास्त खटकतं.

यावर उपाय म्हणजे मूळ शब्द आणि त्याला लागणारी शेपटं यांचे नियम वेगळे ठेवणं. हन्स्पेल नावाची मुक्त शुद्धलेखन-प्रणाली असंच करते. ती मूळची हंगेरियन भाषेसाठी झाली, कारण त्या भाषेतही प्रत्ययांची अशीच लांबलचक साखळी असते. मराठी कळफलकानं हाच विचार सूचनांच्या पट्टीत आणायला हवा: ‘रस्ता’ लिहिताच पुढे ‘रस्त्यात, रस्त्यावर, रस्त्याला’ असे पर्याय यावेत, त्यातून एक निवडला की पुन्हा ‘रस्त्यावरून, रस्त्यावरच्या’. शब्द दोन पावलांत पुरा होईल. भिलाईत राहणाऱ्याला ‘भिलाईत’, ‘भिलाईहून’, ‘भिलाईतल्या’ ही रूपं कळफलकाला आपणहून सुचली पाहिजेत.

मग येतात खास मराठीचे खडे. ‘ळ’ बऱ्याच हिंदी कळफलकांवर ‘ल’च्या मागे लपलेला असतो, बोट दाबून धरलं तरच बाहेर येतो. त्याहून दुर्लक्षित आहे ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’मधला अर्धा र. ‘आचार्यांना वाढा’ आणि ‘आचाऱ्यांना वाढा’ या वाक्यांत जेवणारा माणूसच बदलतो. हा र युनिकोडमध्ये वेगळ्या ‘ऱ’पासून होतो: ऱ, मग पाय मोडायचा, मग य. इन्स्क्रिप्टमध्ये हा ‘ऱ’ शिफ्टवर आहे, पण तो असाच करायचा असतो हे कळफलकाकडे पाहून कुणाला कळावं? म्हणून ‘वर्हाड’, ‘बिर्हाड’, ‘तर्हा’ असं छापून येतं. विदर्भातून आलेल्या कुटुंबाला आपल्या वऱ्हाडाचं नाव धड लिहिता येऊ नये, हे बरं नाही. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांना प्रत्येकी एक स्वतंत्र कळ द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पडद्यावर ती द्यायला एक पैसाही खर्च येत नाही.

‘ॲ’ची गोष्टही याच जातीची. इंग्रजीतून आलेले बॅट, ॲप, ॲसिड हे शब्द मराठी रोज वापरते. पण स्वतंत्र ‘ॲ’ युनिकोडमध्ये आला तो 2008 च्या 5.1 आवृत्तीत. त्याआधी ‘अ’ला वरची चंद्रकोर जोडून काम भागवत. आजही दोन्ही रीती चालू आहेत. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात, आणि एका रीतीनं लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीनं शोधला तर काही ठिकाणी सापडत नाही. कळफलकानं नेहमी एकच, नवीन रूप उमटवलं तर हा गोंधळ मुळातच थांबेल.

खोडण्याची कळही नीट विचार करून ठरवायला हवी. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पण संगणकाजवळ त्याचे सहा तुकडे असतात: स, पाय, त, पाय, र, दीर्घ वेलांटी. एकदा खोडलं तर काय जावं, वेलांटी की अख्खं अक्षर? वेगवेगळे ॲप वेगवेगळं वागतात आणि लिहिणारा गोंधळतो. माझ्या मते नुकतंच लिहिलेलं अक्षर खोडताना शेवटचा तुकडाच जावा, कारण चूक बहुधा मात्रेत झालेली असते; कळ दाबून धरली तर मात्र पूर्ण अक्षरं जावीत.

काच आणि कातडी यांचं नातंही विसरू नये. आजचे बहुतेक पडदे बोटाच्या विद्युतवाहकतेवर चालतात. मे महिन्यात घामानं ओलं झालेलं बोट पडद्यावर नको तिथे स्पर्श नोंदवतं. आयुष्यभर अवजारं हाताळून घट्टे पडलेल्या बोटाला तो कधी कधी ओळखतच नाही, आणि साध्या हातमोज्याला तर अजिबात नाही. म्हणून कारखान्यांतल्या यंत्रांच्या पॅनेलवर दाबानं चालणारे पडदे अजून वापरात आहेत. पोलादाच्या गावात अशी बोटं घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी कळ मोठी हवी, आणि स्पर्श नोंदवण्याआधी क्षणभर थांबण्याची सोय हवी, म्हणजे चुकून टेकलेलं बोट अक्षर उमटवणार नाही. अशा पडद्यावर चालणारी, विद्युतवाहक टोकाची साधी लेखणी सोबत ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो.

हे सगळं कंपन्यांनी करायचं तेव्हा करतील. घरच्या संगणकावर आजच करण्यासारखं बरंच आहे. विंडोजमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन भाषांच्या यादीत मराठी जोडा. नुसती देवनागरी आहे म्हणून हिंदीवर भागवू नका. सूचना आणि शुद्धलेखन भाषेवर ठरतं, लिपीवर नाही. 2019 पासून विंडोज 10 मध्ये मराठी फोनेटिक हा पर्यायही आला आहे, रोमन अक्षरांची सवय असलेल्यांना तो सोयीचा. विंडोज 11 मध्ये स्पर्श-कळफलकाचा आकार सरकपट्टीनं लहानमोठा करता येतो, आणि मांडणीत दोन अंगठ्यांसाठी दुभंगलेला किंवा कोपऱ्यात ठेवायचा छोटा कळफलक निवडता येतो. संगणक टॅबलेटसारखा दोन्ही हातांत धरून लिहिणार असाल तर दुभंगलेला घ्या, एका बोटानं लिहिणार असाल तर छोटा. हात कमी फिरतो. विंडोज, कंट्रोल आणि ओ या कळा एकत्र दाबल्या की जुना ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडतो, तो वेगळा आहे. त्यात कळेवर नुसतं थांबून अक्षर उमटवण्याची आणि कळा ओळीनं उजळत जाऊन एकाच बटणानं निवडण्याची सोय आहे. पक्षाघातानंतर हात नीट न चालणाऱ्या माणसासाठी हा कळफलक फार मोलाचा आहे, आणि तो आपल्या संगणकात आधीच असतो हे पुष्कळांना माहीत नसतं.

लिनक्स वापरणाऱ्यांना आणखी पुढे जाता येतं. उबुंटूवर ‘ऑनबोर्ड’ नावाचा पडद्यावरचा कळफलक आहे. त्याची प्रत्येक मांडणी साध्या फायलींत असते: एका एक्सएमएल फायलीत कळांची नावं आणि कुठली कळ काय उमटवेल ते, आणि एसव्हीजी फायलींत कळांची चित्रं, म्हणजे आयत कुठे आणि केवढा. एसव्हीजी फाईल इंकस्केपसारख्या चित्रं काढण्याच्या मुक्त प्रोग्राममध्ये उघडते. आधीच्या मांडणीची प्रत करा, शिफ्टची कळ थोडी आखडून त्या जागी नवा आयत काढा, त्याला नाव द्या, आणि एक्सएमएलमध्ये त्या नावापुढे ‘ळ’ लिहा. शिफ्टवाचून ‘ळ’ मिळाला. त्याच रीतीनं ‘श’ आणि ‘ण’ बाहेर काढता येतात, स्पेसची लांबलचक कळ कापून तिच्या बाजूला काना आणता येतो. ऑनबोर्डमध्ये तयार मजकूर एका कळेला बांधून ठेवायचीही सोय आहे. तिथे ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ ठेवा, घरचा पत्ता ठेवा. मात्र नव्या वेलँड पद्धतीच्या डेस्कटॉपवर ऑनबोर्ड पूर्ण चालत नाही, ग्नोम या डेस्कटॉपचा स्वतःचा कळफलक तिथे पुढे येतो. म्हणून आधी लॉगिनच्या पडद्यावर जुन्या एक्स-ऑर्गचा पर्याय आहे का ते पाहून घ्या. अशी मांडणी एकानं केली की त्या दोन-तीन फायली पेन ड्राइव्हवर घालून गावातल्या दुसऱ्या मराठी घरच्या संगणकावर ठेवता येतात. तिथे काम करायला बसलेल्या माणसानं पहिल्यांदा आपल्या माणसांची नावं लिहून पाहावीत: काळे, मुळे, बऱ्हाटे, टिळक, कऱ्हाडे. जे नाव अडेल, ते अक्षर पुढच्या दुरुस्तीत वर आणायचं.